दव वाळायच्या आत

मानसिंग सुभेदारांनी घडातला एक मणी चिमटीत धरला, उजेडाकडं करून निरखला, पुढच्या वेलीचा एक धरला, आणि म्हणाले, "परवा."

परवा रविवार होता.

"परवा कसं, सुभेदार? तुमी तर बुधवार म्हणला हुता."

"मी म्हणलो हुतो, वेल म्हणली न्हवती. मधी ढग बसलं, माल मागं पडला. आता ऊन लागलंय, मणी सुटलाय. परवा सकाळी डिपिंग धरायचं, घड औषधात बुडवायचं. सोमवारवर टाकलं तर मणी पुढं जाईल, घड लांबायचा न्हाई, आन् मग व्यापारी बागेत पाय ठेवत न्हाई."

बायकांच्या टोळीची मुकादम रूथ मांडवाखाली वाकून उभी होती. बाईमाणूस सरळ उभं राहील एवढी उंची द्राक्षाच्या मांडवाला नसते, आणि वाकून बोलताना माणूस आधीच निम्मा हरलेला असतो. ती बाहेर वाटेवर आली आणि मग बोलली.

"आमची टोळी रविवारी येत न्हाई. तुमाला ठावं हाय."

"ठावं हाय. पंधरा वर्सं मी काय बोललो का? पर छाटणीला तू काय म्हणली हुतीस? माल तयार झाला की दुसऱ्या दिवशी टोळी पायजे, खाडा चालायचा न्हाई, हाय का शब्द, असं इचारलं मी. तू म्हणलीस, हाय. वेलीला वार कळत न्हाई, रूथबाई."

ती तसं म्हणाली होती. तेव्हा तिनं बोटांवर हिशेब करून बघितला होता, माल आठवड्याच्या मधोमध येत होता. त्या हिशेबात आभाळ धरायला ती विसरली. आयुष्य द्राक्षात काढलेल्या बाईनं करावी अशी ही चूक नव्हती, पण झाली खरी. आता दुसरी टोळी सुभेदारांना मिळणार नव्हती, कारण उन्हानं सगळ्यांच्याच बागा एकदम अंगावर आल्या होत्या.

"शब्द दिलाय. न्हाई कुठं म्हणतीया?" ती म्हणाली, आणि घराकडं निघाली.

कुंडलच्या अलीकडं असलेल्या या गावात ख्रिस्ती घरांची एकच गल्ली. तिच्या टोकाला दगडी भिंतींचं, मंगलोरी कौलांचं देऊळ. सांगलीची माणसं त्याला चर्च म्हणत, गल्ली देऊळच म्हणे. दगड गल्लीतल्याच पणज्या-खापरपणज्यांनी फोडलेला. उपासनेची वेळ नऊची. ती एका गोऱ्या पाद्रीसाहेबांनी घालून दिलेली, कारण आगगाडीतून उतरून टांग्यानं इथं पोचेपर्यंत साहेबांना नऊ वाजायचे. साहेब गेले, टांगा गेला, नऊ तेवढे राहिले.

घरी सासरे कट्ट्यावर बसले होते, अंगात कोट. नाथाजी लोंढे या मंडळीचे वडील, म्हणजे देवळाचे कारभारी. डोळ्यांत मोतीबिंदू, पण रविवारी घंटेची दोरी त्यांच्याशिवाय कुणी धरायची नाही. शुक्रवारी संध्याकाळी कोट अंगात दिसला म्हणजे काहीतरी मोठं घडलेलं असणार.

"पाळकसाहेबांचा फोन आल्ता," नाथाजी म्हणाले. "आयतवारी सांगलीची कमिटी येणार. नऊच्या उपासनेला."

"कशापायी, मामा?"

"मागच्या खेपंला पाळक आले तवा देवळात कोण हुतं? तुमी चार बायका. बाप्या म्हणून मी, आन् भिंतीवरची पाल. कमिटी म्हणती, ही मंडळी जिती न्हाई. ह्या आयतवारी माणसं दिसली तर बरं, न्हाईतर कुलूप लावून किल्ली सांगलीला न्हेणार. मग उपासनेला तालुक्याला जावा."

रूथ उंबऱ्यावरच बसली. याच देवळात तिचं लग्न लागलं होतं. सासू राहीबाईची शवपेटी इथूनच उचलली होती. देऊळ बंद झालं तर ही गल्ली म्हणजे नुसती घरांची ओळ राहील, गावातल्या कुठल्याही ओळीसारखी, आणि आपण कोण होतो हे पोरांना सांगायला दाखवण्यासारखं काही उरणार नाही, याची तिला भीती वाटत होती.

तिनं बागेतलं सांगितलं. नाथाजींनी काठी फरशीवर आपटली.

"शब्द? देवाच्या घरापरीस सुभेदाराची बाग मोठी झाली व्हय?"

"शब्द मोडून देवळात बसायचं, तर कुठल्या तोंडानं बसू, मामा? त्या माणसाची वर्साची कमाई वेलीवर लोंबतीया."

"मग बाया बागेत, आन् देवळात मी आन् पाल!"

रूथचा नवरा शमुवेल अंधार पडल्यावर आला. कुपवाडच्या फाउंड्रीत तो साच्याच्या वाळूत काम करी. गाडी लावून तो न्हाणीत गेला, आणि दगडावर काळं पाणी वाहू लागलं. वाळू कानांत, पापण्यांत, नखांच्या मुळांत बसलेली असायची. रूथ तांब्यानं पाणी घालत होती.

"ह्या रविवारी एक खाडा करा," ती म्हणाली. "तुमी आला तर गुंडाभावजी येतील, गल्लीतला जयराज यील. चार बाप्ये दिसलं तर कमिटी गप बसंल."

"कंपनीची सुट्टी सोमवारी असती, तुला ठावं हाय. रविवारी खाडा केला की माझ्या जागी दुसरा उभा करत्यात."

"वर्सं झाली देवळात पाऊल न्हाई तुमचं. कंपनीचं निमित्त हाय. आतनंच आटलंय तुमचं."

शमुवेल पाठ चोळायचा थांबला. मग पाठमोराच म्हणाला, "सोमवारी देऊळ उघडं असतंय का गं?"

"सोमवारी कशाला असंल?"

"मी जातोय सोमवारचा. कुलूप असतंय. पायरीवर बसतोय जरा आन् येतोय."

रूथच्या हातातला तांब्या तसाच राहिला. सोमवारी ती बागेत असायची, दिवसभर. घरातल्या माणसाचं हे आपल्याला कधी कळलं नाही याची तिला शरम वाटली, आणि शरमेपोटी तिनं जरा जास्तच पाणी ओतलं.

"गार हाय की ते!" शमुवेल ओरडला.

शनिवारी टोळी घडांच्या आसपासची पानं काढायला बागेत होती. कंबरेत वाकून, हात वर, दिवसभर. खांद्यातून कळ निघते ती रात्री भाकरी थापताना परत येते. टोळीत सगळ्या गल्लीतल्याच, फक्त धोंडुबाई तेवढी पूर्वेकडच्या दुष्काळी भागातून आलेली धनगराची, बिरोबाची भगत. रूथनं सगळ्यांना दोन्ही गोष्टी सांगितल्या, बागेची आणि कमिटीची.

"एका बाईनं दोन चुली कशा फुकायच्या?" वयानं सगळ्यांत मोठी बनुबाई म्हणाली. "दोन्ही इझतील. सुभेदाराला सांग, आमी न्हाई येत."

"मग पुढच्या वर्सी कोण इश्वास ठेवंल?" माया म्हणाली. ती लहान, पण तोंडानं तिखट. "आन् देवळात बसून जीव बागेत राहील. गाण्याच्या ऐवजी तोंडातनं डिपिंग यील."

बायका हसल्या. रूथ हसली नाही. ती तडक सुभेदारांकडं गेली. ते पंपाच्या खोलीत औषधाची पिंपं धुवत होते.

"सुभेदार, आमी पाटंचं येतो. बॅटऱ्या डोक्याला बांधून. नऊच्या आत निम्मी बाग उरकतो, मग तासभर सोडा, परत येतो."

"पाटंचं?" सुभेदारांनी कपाळाला हात लावला. "पंधरा वर्सं माझ्या बागेत हायस आन् असं बोलतीस? घडावर दव असतंय. दवात बुडवलं की औषध पातळ. दव वाळल्याबिगर औषधाच्या मगला हात लावायचा न्हाई. साडेआठ वाजत्यात ह्या दिवसांत. आन् धरलं की उन्हाच्या आत संपवायचं, मधी सोडणं न्हाई. ऑर्डर म्हणजे ऑर्डर!"

रूथ परत निघाली आणि चार पावलांवर थबकली.

"म्हणजे साडेआठपातूर आमचं काय काम न्हाई?"

"झोपा की घरी."

ती ओळीत आली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता. "उपासना सहाला घ्यायची," ती म्हणाली. "दव हाय तवर."

सगळ्या तिच्याकडं बघत राहिल्या. टोळीतल्या पूजानं विचारलं, "सहाला उपासना असती व्हय?"

उत्तर धोंडुबाईनं दिलं. "आमच्या बिरोबाचा बी वार आयतवारच. मी उजाडायच्या आत त्येल घालून येती. देव काय नऊ वाजायची वाट बघत बसलाय?"

दुपारच्या भाकरीला रूथनं पाळकसाहेबांना फोन लावला. साहेब तरुण होते, स्वभावानं मऊ, चार गावं सांभाळत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमची अडचण मला कळते, रूथबाई. पण वेळ नऊचीच आहे. कमिटी नऊला येणार. मला पहाटे तिथं पोचता येणार नाही. आणि पाळक नाही म्हटल्यावर उपासना चालवणार कोण?"

"बगू."

"नऊला देऊळ रिकामं दिसलं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"दिसू द्या, साहेब. घंटा पावणेसहाला हुईल. सलाम," गल्लीच्या रिवाजाप्रमाणं म्हणून तिनं फोन ठेवला.

पाळकाला असं बोललेली गल्लीतली ती पहिलीच बाई असेल.

नाथाजींनी तर ऐकूनच घेतलं नाही. "नऊची घंटा माझ्या आज्यानं मारली, बापानं मारली. सहाला मी दोरीला हात लावायचा न्हाई. आन् चालवणार कोण? मला आता वाचाय येत न्हाई."

"मी चालवीन."

"बाईमाणूस?"

"बाईमाणसाला बाग जमती, घर जमतंय. जमंल."

"मी येणार न्हाई," नाथाजी म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. शमुवेलला तिनं जेवताना सांगितलं. तो हूं म्हणाला आणि ताटावरून उठला. त्याच्याकडून यापेक्षा जास्त तिनं मागितलं नाही, पण वाट मात्र बघितली.

रविवारी ती उठली तेव्हा शमुवेलचं अंथरूण रिकामं होतं आणि दारातली गाडी नव्हती. आज कामावर इतक्या लवकर? नको म्हणायचं धाडस नव्हतं म्हणून अंधारात पळाला, असं तिच्या मनात आलं. रडायला वेळ नव्हता. चुलीपुढं बसून तिनं चहा घशाखाली ढकलला, डोक्यावरून पदर घेतला आणि किल्ली घेऊन निघाली.

बाहेर दाट दव पडलं होतं. देवळाच्या पायऱ्या ओल्या होत्या. कुलूप काढून तिनं दोरी धरली. घंटा जड होती, पहिल्या ओढीला नुसतीच हलली. दुसऱ्या ओढीला तिनं सगळं अंग टाकलं. आवाज अंधारात गेला आणि गावातली कुत्री उठली. कुठल्यातरी घरातून कुणी शिवी हासडली.

बायका आल्या, कामाच्या कपड्यांत, नवऱ्याचे जुने शर्ट लुगड्यावर चढवून, कमरेला भाकरीची फडकी बांधून. धोंडुबाईही आली आणि दाराजवळ चपलांशेजारी बसली. "आत बस की," माया म्हणाली. "हितं बरं हाय. ऐकू येतंय," ती म्हणाली. मग काठीचा आवाज आला. नाथाजी कोट घालून आत आले आणि पहिल्या बाकावर बसले.

"येणार न्हाई म्हणला हुता," बनुबाई पुटपुटली.

"घंटा चुकीची मारली, ती सांगाय आलोय," नाथाजी म्हणाले.

रूथ पुढं उभी राहिली. पाळकाच्या मेजामागं जायचं तिला धाडस झालं नाही, ती मेजाच्या शेजारी उभी राहिली. समोर बायका, आणि त्यांच्या पलीकडं रिकामे बाक. कमिटी म्हणत होती ते खरंच होतं की काय, असं तिला क्षणभर वाटलं. तिनं गाण्याचं पुस्तक उघडलं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाड्या वाजल्या. एक, मग तिच्यामागं आणखी. दिव्यांचे झोत खिडकीवरून फिरले आणि विझले. दारात शमुवेल होता, कंपनीच्या निळ्या शर्टात, हातात जेवणाचा डबा. त्याच्या मागं गुंडा, जयराज, कालव्यापलीकडच्या वाडीतली भावकी, सगळे निळ्या नाहीतर खाकी शर्टातले, सगळ्यांच्या हातात डबे. कुणाच्या डोक्यावर हेल्मेट तसंच होतं, ते बनुबाईनं डोळे वटारल्यावर निघालं.

"फोनवर सांगितलं असतं तर व्हय व्हय म्हणून परत झोपलं असतं," शमुवेल म्हणाला. "एकेकाच्या दारात जाऊन उठवलं. पावणेसातला निघायला लागतंय आमाला. चालू कर."

रूथला हसू आलं आणि रडूही आलं. तिनं गाणं सांगितलं. गुंडानं भिंतीवरची ढोलकी काढली, कातडं दवानं सैल पडलं होतं, ते त्यानं तळहातानं घासून तापवलं आणि सूर फारच वर धरला. बायकांचे आवाज फाटले. पुरुष खालून आले, जाड, खर्जात, झोपेनं घोगरे. कितीतरी वर्षांत या भिंतींनी असला आवाज ऐकला नव्हता. कौलांतून कबुतरं फडफडून बाहेर गेली.

उपासनेचा क्रम तिचा पार चुकला. वाचन गाण्याआधी झालं, दान मागायचं राहूनच गेलं, आणि एक ओळ तिनं दोनदा वाचली. जयराज बाकाला टेकून झोपला, रात्री जादा काम केलं होतं त्यानं. त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. रूथ म्हणाली, "ऱ्हाऊ दे. देवाच्या घरात झोपला तर चोरी न्हाई." प्रवचन तिला येत नव्हतं, ते तिनं केलंच नाही. डोळे मिटून प्रार्थना केली.

"देवा, आमाला नऊची सवड न्हाई. कुणाला कंपनी, कुणाला बाग. आमी तुला सोडल्यालं न्हाई. तू सहाला आलास, लय बरं झालं. हे घर उघडं ठेव. आमेन."

शेवटचा आशीर्वाद पाळकानंच द्यायचा असतो, तिथं ती अडली. तेव्हा नाथाजी काठीवर भार देऊन उठले आणि त्यांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली. सगळे उभे राहिले. ती संपली आणि पुरुष डबे घेऊन बाहेर पळाले, गाड्या सुरू झाल्या. शमुवेल रूथजवळून जाताना म्हणाला, "पुढच्या रविवारी गुंडाला सूर खाली धरायला सांग." आणि गेला.

साडेआठला दव वाळलं. सुभेदारांनी पिंपात औषध ढवळून प्रत्येकीला एकेक मग भरून दिला. एका हातात मग, दुसऱ्या हातानं पान बाजूला, घड बुडवायचा, हलवायचा, पुढचा. मनगटावरून औषध कोपरापर्यंत ओघळत होतं. बायका मुक्यानं काम करत होत्या, कारण काम वेगानं करायचं होतं.

नऊ वाजून गेल्यावर बागेच्या वाटेवर पांढरी गाडी थांबली. पाळकसाहेब उतरले, मग कमिटीचे विश्वजित सर, इस्त्रीच्या कपड्यांत, आणि शेवटी नाथाजी. विश्वजित सर मांडवाखाली वाकले आणि त्यांच्या डोक्याला तार लागली.

"रूथबाई कोण?"

"मी." तिनं घड बुडवला.

"आम्ही देवळात जाऊन आलो. एकही माणूस नाही. आम्ही सांगलीहून वेळ काढून येतो, आणि तुम्ही रविवारच्या दिवशी मजुरीला! किल्ली तुमच्याकडं आहे म्हणे. ती द्या."

"किल्ली न्हाई देत."

"अहो, नऊला उपासना—"

"उपासना झाली, सर. सहाला. बाया हुत्या, बाप्ये हुते. ते आता कामावर हायत. त्यास्नी सुट्टी सोमवारची असती. इतकी वर्सं आमी म्हणत हुतो पोरांचा इश्वास गेला. इश्वास न्हवता गेला. त्यांच्या सवडीला देऊळ बंद असायचं."

"पाळक नसताना? चालवली कुणी?"

रूथचा हात थांबला. नाथाजी वाटेवरून पुढं आले, काठीनं चाचपत.

"तिनं चालवली. मी बसलो हुतो. मंडळीचा वडील मी हाय, मला चाललं," ते म्हणाले. "साहेब, मला दिसत न्हाई, पर ऐकू येतंय. पुरुषांचं गाणं ऐकलं मी आज देवळात. मरायच्या आत ऐकीन असं वाटलं न्हवतं. आता तुमी कुलूप लावणार असाल तर मला आत घालून लावा."

विश्वजित सरांनी डोक्यावरची तार बाजूला सारली. मग म्हणाले, "पण वेळ ठरलेली आहे. मला सांगलीला उत्तर द्यावं लागतं."

"गप्पा बंद!" ओळीच्या टोकाकडून सुभेदार गरजले. "औषध बनवलंय, ते थांबत न्हाई. ती सहा म्हणती ना? मग सहाला या. फौजेत आमी चारला उठत हुतो, कोण मेलं न्हाई."

पाळकसाहेब खाली बघत होते. ते हळूच म्हणाले, "सर, पुढच्या शनिवारी मी इथंच मुक्कामाला येतो. नाथाजींच्या घरी. रविवारी सहाला मी उभा राहतो. आणि मी नसेन त्या रविवारी रूथबाई आहेत."

सरांनी रुमालानं कपाळ पुसलं. तारेनं जरा खरचटलं होतं. "आणि आज मी तिकडं जाऊन काय सांगू?"

रूथनं पुढचा घड हातात घेतला, पान बाजूला केलं आणि तो अलगद मगमध्ये सोडला.

"खरं तेच सांगा," ती म्हणाली. "उपासना झाली हुती, आमी कमिटीवालेच उशिरा पोचलो म्हणावं."

धोंडुबाई पलीकडच्या ओळीतून मोठ्यानं हसली. सर गाडीकडं वळले, किल्ली न घेता, आणि टोळी पुढच्या वेलीला लागली.